सारख्या नावांची शहरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात सारख्या नावांची शहरं शेकड्यांनी आहेत. इथे त्यांतली मोजकीच घेतली आहेत: जिथे एका नावाच्या दोन्ही-तिन्ही शहरांना स्वतःचा इतिहास आहे, पाहण्यासारखं काही आहे आणि ज्यांच्याबद्दल वाचणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. नकाशावर नुसता ठिपका असलेली नावं सोडून दिली आहेत.

एकच नाव इतक्या शहरांना पडतं तरी कसं?

सगळ्यात मोठा वाटा वसाहतींचा. स्पॅनिश लोक अमेरिका खंडात उतरले आणि वसवलेल्या गावांना घराकडची नावं देत सुटले: कोर्दोबा, कार्ताहेना, व्हॅलेन्सिया, मेरिदा. घराकडचं नाव सुचलं नाही तर संताचं. म्हणून तर सांतियागो आणि सान होजे ढिगाने सापडतात. राजांची हौस हेही एक कारण. अलेक्झांडरने जिंकलेल्या मुलखात आपल्याच नावाची बरीच शहरं वसवली. इ. स. पू. ३३१ मध्ये इजिप्तमध्ये वसवलेली अलेक्झांड्रिया त्याच नावाने नांदली, तर मध्य आशियातली एक आज ताजिकिस्तानातलं खुजंद झाली आहे. कधी धंद्याची महत्त्वाकांक्षा असते. अमेरिकेतल्या अलाबामात लोखंडाचं गाव उभारणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या कारखानदारीच्या शहराचं, बर्मिंगहॅमचं, नाव उचललं.

आणि कधी कधी कुणीच कुणाची नक्कल केलेली नसते. हैदराबाद आणि त्रिपोली ही त्याची उत्तम उदाहरणं.

भारतातलं हैदराबाद आणि सिंधमधलं हैदराबाद, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

वसण्याच्या दृष्टीने काहीच नाही. दख्खनचं हैदराबाद १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने वसवलं. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात दाटी झाली होती, पाण्याचे हाल होते, म्हणून मुसी नदीच्या पलीकडे नवं शहर आखलं गेलं. सिंधमधलं हैदराबाद त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १७६८ मध्ये, मियाँ गुलामशहा कल्होडो याने नेरूनकोट या जुन्या वस्तीच्या जागी उभारलं. दोन्ही नावं हजरत अलींच्या ‘हैदर’ या उपाधीवरून आली असं सर्वसाधारणपणे मानतात. दख्खनच्या बाबतीत भागमतीची प्रेमकथाही सांगितली जाते. गाइड लोक ती रंगवून सांगतात, इतिहासकारांचं मात्र तिच्यावर एकमत नाही.

मराठी वाचकाचा या दोन्ही शहरांशी जुना कारभारी संबंध आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता हे शाळेत शिकवतात. पण सिंधही १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे काही काळ मराठी मुलखाचा एक तुकडा एका हैदराबादच्या हुकमाखाली होता आणि दुसरं हैदराबाद मुंबईच्या.

दख्खनच्या हैदराबादेत चारमिनार आणि बिर्याणीपलीकडे काय पाहावं?

कुतुबशाही मकबरे आधी पाहा आणि मग गोवळकोंडा. बहुतेक लोक उलट करतात आणि किल्ला चढून दमल्यावर मकबऱ्यांना अर्धा तास देतात. घुमटांच्या या बागेत जवळपास सगळं राजघराणं विसावलेलं आहे. अलीकडच्या वर्षांत तिथे मोठं जतनकाम झालं असून जुन्या विहिरीही पुन्हा बांधून काढल्या आहेत. गोवळकोंड्यात फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. प्रत्येक टोळकं तिथे टाळ्या पिटत असतं. तुम्हीही पिटाल.

औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला. मुहम्मद कुतुबशहाच्या काळात सुरू झालेल्या मक्का मशिदीचं काम औरंगजेबाच्याच अमलात १६९४ मध्ये संपलं. आसफजाही म्हणजे निजामांचा काळ १७२४ पासूनचा. त्यासाठी चौमहल्ला पॅलेस पाहावा. सालारजंग संग्रहालय मात्र अर्ध्या दिवसाखाली उरकत नाही. एका माणसाने आयुष्यभर जगभरातून गोळा केलेल्या वस्तूंची ती जत्रा आहे, शिस्तीची अपेक्षा ठेवू नये. इटालियन शिल्पकार बेन्झोनीची ‘व्हेल्ड रिबेका’ तिथे आहे: संगमरवरी चेहऱ्यावर संगमरवराचाच झिरझिरीत पदर.

आणि कान उघडे ठेवा. जुन्या शहरातली दख्खनी बोली ऐकताना वाक्यात मध्येच आपल्यासारखा ‘च’ येतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे तो.

सिंधमधल्या हैदराबादेत पाहण्यासारखं काय आहे?

शहर गंजो टकर नावाच्या चुनखडीच्या टेकडीवर पसरलेलं आहे. टेकडीवरचा पक्का किल्ला गुलामशहाने १७६८ मध्येच बांधायला घेतला. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी त्याच्या आत घरं थाटली, त्यामुळे आज किल्ला म्हणजे भक्कम विटांची भिंत आणि तिच्या आत गजबजलेली वस्ती असा प्रकार आहे. गुलामशहाची कबर आणि त्याच्या घराण्यानंतर राज्य केलेल्या तालपूर मीरांचे मकबरे हे इथलं खरं वैभव. निळ्या-पांढऱ्या फरशांचं सिंधी काम पाहायचं तर तिथेच.

तालपुरांनी कल्होड्यांना हरवून हैदराबाद राजधानी केली. फेब्रुवारी १८४३ मध्ये मियानीला आणि मार्चमध्ये दुब्ब्याला इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने त्यांचा पराभव केला. राजधानी कराचीला गेली आणि हैदराबादचं राजकीय वजन संपलं. व्यापारी वजन संपायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली. इथल्या भाईबंद या हिंदू जमातीच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना ‘सिंधवर्की’ म्हणत, रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू घेऊन इजिप्तपासून जपानपर्यंत पेढ्या काढल्या होत्या. १९४७ नंतर त्यांतले बहुतेक भारतात किंवा आपापल्या परदेशी पेढ्यांच्या गावी गेले.

जुन्या फोटोंमध्ये हे शहर चटकन ओळखू येतं: प्रत्येक छपरावर चौकोनी, तिरक्या तोंडाचं, वारा पकडणारं धुराडं उभं. स्थानिक लोक त्याला ‘मंघ’ म्हणतात. समुद्राकडून येणारी नैर्ऋत्येची झुळूक पकडून ती खालच्या खोल्यांत उतरवायची, इतकं साधं यंत्र. आता ते जवळपास नामशेष झालं आहे.

भारतीय पासपोर्टवर नुसतं पर्यटक म्हणून तिथे जाणं आजच्या परिस्थितीत जवळपास अशक्य आहे. तेव्हा सध्या तरी हे हैदराबाद फोटोंतून आणि सिंधी मंडळींच्या आठवणींतूनच पाहावं लागतं.

‘हैदराबादी बांगड्या’ नेमक्या कुठल्या हैदराबादच्या?

दोन्हीकडच्या, आणि हा निव्वळ योगायोग आहे. चारमिनारच्या पश्चिमेला असलेल्या लाड बाजारातल्या बांगड्या लाखेच्या. लाख निखाऱ्यावर मऊ करतात, वळून लांब काडी करतात, तिचं कडं वळवतात आणि ते गरम असतानाच त्यात बारीक खडे एकेक करून बसवतात. हात थबकला की लाख थिजते आणि खडा धरत नाही, म्हणून कारागीर बोलता बोलताही नजर उचलत नाही.

सिंधच्या हैदराबादेतल्या बांगड्या काचेच्या. भट्टीतून काचेची लांब स्प्रिंग निघते, ती कापून सुटी कडी करतात. कड्याची दोन टोकं सपाट करणं आणि छोट्या ज्योतीवर जोडणं ही कामं घराघरांत चालतात, आणि ती मुख्यतः बायका आणि मुली करतात. मजुरी तुटपुंजी आणि डोळ्यांवर ताण भारी. फाळणीनंतर फिरोजाबादकडून आलेल्या कारागिरांचा या धंद्यात मोठा हात आहे. बाजारात बांगडी हातात घेतल्यावर फरक कळायला सेकंदही लागत नाही: लाख जड आणि कोमट, काच हलकी आणि गार.

कोर्दोबाची ती प्रसिद्ध इमारत मशीद आहे की चर्च?

स्पेनमधल्या कोर्दोबाबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कागदोपत्री ती कॅथेड्रल आहे. मालकी चर्चकडे आहे आणि आत नमाजाला परवानगी नाही. डोळ्यांना मात्र ती आधी मशीदच दिसते.

आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अब्द अल-रहमानने बांधायला घेतलेली ही मशीद दोनशे वर्षं वाढत गेली. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्द अल-रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केलं तेव्हा कोर्दोबा युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. आत शिरलं की साडेआठशेच्या आसपास खांबांचं रान समोर येतं. खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले, म्हणून कुणाची उंची कमी, कुणाची जास्त, माथ्यांची नक्षी प्रत्येकाची निराळी. उंची कमी पडली म्हणून कमानीवर कमान चढवली, आणि लाल वीट, पांढरा दगड असे आळीपाळीने लावले. एक अडचण सोडवायला काढलेली युक्ती या वास्तूची ओळखच होऊन बसली. पुढे जाऊन मिहराबपाशी, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापाशी, थांबा. तिथलं सोनेरी मोझेक दुसऱ्या हकमच्या काळात बायझंटाइन कारागिरांच्या मदतीने झालं.

१२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनांडने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण इमारतीला मोठा धक्का लागला नाही. तो सोळाव्या शतकात लागला. बिशपने नगरपालिकेचा विरोध डावलून खांबांच्या बरोबर मधोमध कॅथेड्रलचा उंच गाभा उभारायला घेतला. बुटक्या कमानींखालून चालता चालता डोक्यावर एकदम छप्पर नाहीसं होऊन पांढरा प्रकाश पडतो, ती ही जागा. कुणाला ते अत्याचारासारखं वाटतं, कुणी म्हणतं की त्या चर्चमुळेच बाकीची मशीद पाडायची वाचली. मला दुसरं म्हणणं पटतं, पण आत उभं राहिल्यावर पहिलंच जाणवतं.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याच गावचा. इब्न रुश्द आणि मायमोनिडीस हे दोघे तत्त्वज्ञही बाराव्या शतकात इथेच जन्मले, आणि दोघांनाही अखेर हे शहर सोडावं लागलं.

अर्जेंटिनातलं कोर्दोबा स्पेनच्या कोर्दोबासारखं दिसतं का?

अजिबात नाही, आणि त्या अपेक्षेने गेलात तर हिरमुसून याल. हेरोनिमो लुइस दे काब्रेराने ६ जुलै १५७३ रोजी वसवलेलं हे शहर जेझुइट पाद्र्यांनी घडवलं. शहराच्या मध्यात त्यांचा अख्खा एक चौक आहे: चर्च, शाळा आणि १६१३ पासून मूळ धरलेलं विद्यापीठ. शहराला ‘ला दोक्ता’ म्हणजे विदुषी हे टोपणनाव पडलं ते त्यावरूनच. हा सगळा पसारा चालवायला पैसा लागायचा. तो शहराबाहेरच्या जेझुइटांच्या शेतीवाड्यांतून यायचा, आणि त्या वाड्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. चौक आणि वाड्या मिळून २००० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांनाच हाकलून दिलं, हा त्यातला पुढचा अंक.

इथली मुलं गप्प बसणारी नव्हेत. १९१८ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठावरची पाद्र्यांची पकड मोडून काढली आणि कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा मागितला. ते लोण लॅटिन अमेरिकाभर पसरलं. मे १९६९ मध्ये विद्यार्थी आणि मोटार कारखान्यांतले कामगार एकत्र रस्त्यावर आले. ‘कोर्दोबासो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उठावाने लष्करी राजवट हादरली. संध्याकाळी क्वार्तेतोच्या नाचाला जायला हरकत नाही. हे संगीत याच शहराचं, आणि ब्यूनोस आयरेसवाल्यांनी कितीही नाकं मुरडली तरी इथे त्याच्याशिवाय शनिवार होत नाही. जवळच्या आल्ता ग्रासियात चे गेव्हाराचं बालपणीचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे, आणि त्याच गावात जेझुइटांची एक वाडीही.

मूळ शहर नेहमी मोठं असतं ना?

छे. स्पेनचं कोर्दोबा तीन लाखांच्या घरात, अर्जेंटिनाचं तेरा लाखांच्या वर. कार्ताहेनाचंही तेच: कोलंबियातलं स्पेनमधल्याच्या कितीतरी पट. बर्मिंगहॅममध्ये उलट आहे: इंग्लंडातलं दहा लाखांच्या पुढे आणि अलाबामातलं जेमतेम दोन लाख.

कार्ताहेना: स्पेनमधलं पाहावं की कोलंबियातलं?

गर्दी सगळी कोलंबियाकडे जाते, आणि त्यात चूक काही नाही. पण स्पेनमधलं कार्ताहेना हे या पानावरचं सगळ्यात उपेक्षित शहर आहे.

इ. स. पू. २२७ च्या सुमारास कार्थेजच्या हास्द्रुबालने ते वसवलं आणि आपल्या राजधानीचंच नाव दिलं. म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज ही आजी, स्पेनमधलं कार्ताहेना ही मुलगी आणि कोलंबियातलं नात. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इथूनच इटलीच्या मोहिमेवर निघाला. इ. स. पू. २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने ते घेतलं. आश्चर्याची गोष्ट म्हणजे इथलं रोमन नाट्यगृह १९८८ पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं. जुन्या वस्तीत बांधकामासाठी खणताना ते सापडलं. एका पडक्या चर्चने त्याच्या वरच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं होतं. वास्तुकार राफाएल मोनेओने संग्रहालय असं रचलं आहे की तुम्ही रस्त्यालगतच्या इमारतीतून शिरता, बोगद्यातून चर्चच्या खालून जाता आणि एकदम उघड्या नाट्यगृहात बाहेर पडता. इसाक पेराल या नौदल अधिकाऱ्याने बनवलेली १८८८ ची पाणबुडीही इथेच ठेवली आहे. सप्टेंबरात अर्धं गाव कार्थेजवाले होतं आणि अर्धं रोमन, आणि दहा दिवस लढाया लढत बसतं.

कोलंबियातलं कार्ताहेना पेद्रो दे एरेदियाने १५३३ मध्ये वसवलं. दक्षिण अमेरिकेतलं सोनं-चांदी स्पेनला जायचं ते या बंदरातून, त्यामुळे चाचे आणि शत्रू टपलेलेच असत. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने शहर लुटून खंडणी घेतली. १७४१ मध्ये इंग्रज ॲडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन आला. विजय इतका गृहीत धरला होता की लंडनमध्ये स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो गुडघे टेकतोय अशी पदकंही पाडली गेली. लेसोला एक पाय नव्हता, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. त्याने शहर राखलं. इंग्रज पिवळ्या तापाने आणि गोळ्यांनी खंगून परतले. सान फेलिपे किल्ल्यासमोर त्याचा पुतळा आहे.

तटबंदीच्या आतली रंगीत घरं आणि बोगनवेलीने लगडलेल्या गॅलऱ्या सगळे पाहतात. पण हेच बंदर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा मोठा बाजार होतं. घड्याळ मनोऱ्याच्या आत शिरल्यावर लागणाऱ्या चौकात माणसं विकली जात. पळून गेलेल्या गुलामांनी आतल्या भागात तटबंद वस्त्या केल्या. त्यांतली सान बासिलियो दे पालेंके अजून नांदती आहे, शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर. तिची स्वतःची भाषा आणि वाद्यं आहेत, आणि युनेस्कोने तिच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात मान दिला आहे. चौकात डोक्यावर फळांची पाटी घेऊन फोटो काढू देणाऱ्या बायका तिथल्याच. फोटो काढलात तर पैसे द्या, त्यांचा तो व्यवसाय आहे. आणि जमलं तर एक दिवस काढून पालेंकेला जा.

बातम्यांतलं त्रिपोली कुठलं?

युद्ध, तेल, गद्दाफी असा मजकूर असेल तर लिबियाचं. लेबनॉनचं त्रिपोली त्या देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, बैरूतच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर. अरबी बोलणाऱ्यांचा घोळ होत नाही, कारण ते सरळ ‘पश्चिमेचं तराबुलुस’ आणि ‘शामचं’ म्हणजे सीरियाकडचं ‘तराबुलुस’ असं म्हणतात. नाव दोन्हीकडे ग्रीकांनी दिलं, तीन वस्त्यांवरून. लिबियाच्या बाबतीत त्या तीन म्हणजे ओइआ, सब्राथा आणि लेप्टिस मॅग्ना. ओइआचंच पुढे त्रिपोली झालं. म्हणून तिथल्या गल्लीबोळांत मध्येच दुसऱ्या शतकातली मार्कस ऑरेलियसची कमान उभी दिसते. लेप्टिस मॅग्ना हे रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं जन्मगाव. वाळूखाली गाडलं गेल्यामुळे ते इतकं शाबूत राहिलं की रोमजवळच्या अवशेषांनाही हेवा वाटावा. लिबियाबाबत मात्र परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचल्याशिवाय बेत आखू नका.

लेबनॉनच्या त्रिपोलीत इजिप्तच्या ममलूक सुलतानांचं राज्य दिसतं. १२८९ मध्ये सुलतान कलावूनने क्रूसेडरांकडून बंदर जिंकलं, ते पाडलं आणि आत, किल्ल्याच्या पायथ्याशी, नवं शहर वसवलं. त्या शहराच्या मशिदी, मदरसे, हमामखाने आणि साबणाचा खान (व्यापाऱ्यांची सराई) अजून उभे आहेत. मिठाईचीही ख्याती आहे. आणि याच शहरात ब्राझीलच्या ऑस्कर नीमायरने आखलेलं काँक्रीटचं प्रदर्शन-नगर अर्धवट पडलं आहे. साठच्या दशकात काम सुरू झालं आणि १९७५ च्या यादवीने ते थांबवलं. २०२३ मध्ये युनेस्कोने ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं.

दोन बर्मिंगहॅममध्ये साम्य काय?

धातू. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांनी १७७५ मध्ये भागीदारी करून वाफेची इंजिनं विकायला सुरुवात केली. अलाबामात १८७१ मध्ये दोन रेल्वेमार्गांच्या छेदावर नवं शहर काढलं गेलं, कारण लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही तिथे हाकेच्या अंतरावर होती. उच्चार मात्र वेगळा. इंग्लंडात शेवटचं ‘हॅम’ गिळतात, अलाबामात ते ठणठणीत म्हणतात. २००८ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने लाखो पत्रकं छापून वाटली आणि त्यावर फोटो होता तो अलाबामाच्या बर्मिंगहॅमचा. तेव्हा तुमचा गोंधळ झाला तर फार मनाला लावून घेऊ नका.

इंग्लंडात ज्वेलरी क्वार्टरमधलं संग्रहालय चुकवू नका. १९८१ मध्ये बंद पडलेला एक दागिन्यांचा कारखाना जसाच्या तसा ठेवला आहे: बाकांवर हत्यारं, खुंटीला एप्रन आणि न धुतलेले चहाचे कप. अलाबामात सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथे १५ सप्टेंबर १९६३ रोजी वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बाँबने चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. समोर केली इंग्रॅम पार्क, शेजारी नागरी हक्कांचं संग्रहालय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना याच शहरात तुरुंगात टाकलं होतं. स्लॉस फर्नेसेस ही बंद पडलेली लोखंडाची भट्टी आणि टेकडीवरचा व्हल्कन या रोमन लोहारदेवाचा ५६ फुटी बिडाचा पुतळा पाहिला की शहराच्या पोटापाण्याचा इतिहासही कळतो.

सांतियागो नावाची तर पुष्कळ शहरं आहेत. त्यांतली कुठली निवडावीत?

सगळ्यांचं नाव संत याकोबावरून. मूळ मानतात ते स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं कोम्पोस्तेला. नवव्या शतकात तिथे संताची कबर सापडल्याची वार्ता पसरली आणि युरोपभरातून पायवाटा तिकडे वळल्या. कॅथेड्रलचं काम १०७५ मध्ये सुरू झालं. उस्ताद मातेओचं ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे दार ११८८ चं आहे, ते निवांत पाहा. वारीचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने यावं लागतं. २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष पवित्र मानतात. पुढचं २०२७. त्या वर्षी गर्दीची तयारी ठेवा.

कोम्पोस्तेला आणि कोर्दोबा यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरने कोम्पोस्तेलावर स्वारी केली, चर्च पाडलं आणि त्याच्या घंटा कोर्दोबाला नेल्या. तिथे मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ मध्ये फर्डिनांडने कोर्दोबा घेतल्यावर त्या घंटा परत कोम्पोस्तेलाला धाडल्या.

चिलीची राजधानी सांतियागो पेद्रो दे वाल्दिव्हियाने १५४१ मध्ये वसवली. भूकंपांनी जुन्या इमारती फारशा शिल्लक ठेवल्या नाहीत, त्यामुळे तिथे पाहायचा तो विसाव्या शतकाचा इतिहास. ११ सप्टेंबर १९७३ रोजी ज्या ला मोनेदा प्रासादावर विमानांनी बाँब टाकले तो, आणि २०१० मध्ये उघडलेलं स्मृती व मानवी हक्क संग्रहालय. क्युबाचं सांतियागो स्वभावाने पूर्ण वेगळं. डोंगर, ऊन, जुलैतला कार्निव्हल आणि सोन संगीत. २६ जुलै १९५३ रोजी फिडेल कॅस्ट्रोने जिच्यावर हल्ला केला ती मोंकादा बराक इथेच. तेव्हाचा हुकूमशहा बातिस्ता याने भिंतींवरची गोळ्यांची भोकं बुजवली होती, क्रांतीनंतर ती पुन्हा पाडून दाखवण्यात आली. क्युबाचा स्वातंत्र्यवीर होसे मार्तीची समाधी आणि फिडेलची, दोन्ही सांता इफिहेनिया दफनभूमीत. डोमिनिकन प्रजासत्ताकातलं सांतियागो दे लोस काबाय्येरोस वाटेत पडलं तर पाहावं, मुद्दाम वाट वाकडी करू नये.

जायला कुठला काळ बरा?

स्पेनच्या कोर्दोबाला मे महिना. तेव्हा घराघरांतले फुलांनी भरलेले चौक लोकांसाठी खुले होतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला उन्हाळा माणसाला भाजून काढतो. अर्जेंटिना आणि चिलीत ऋतू उलटे, हे बेत आखताना अनेकजण विसरतात.

विमानाचं तिकीट काढताना चुकीचं शहर कसं टाळायचं?

शहराचं नाव सोडा आणि विमानतळाची तीन अक्षरं बघा. भारताचं हैदराबाद एचवायडी, सिंधचं एचडीडी. बर्मिंगहॅम इंग्लंड बीएचएक्स, अलाबामा बीएचएम. चिलीचं सांतियागो एससीएल, कोम्पोस्तेला एससीक्यू, क्युबा एससीयू आणि डोमिनिकन एसटीआय. पहिली तीन एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की शेवटचं अक्षर मोठ्याने वाचलेलं बरं. सीओआर म्हणजे अर्जेंटिनाचं कोर्दोबा. स्पेनच्या कोर्दोबाला विमानापेक्षा माद्रिदहून वेगवान रेल्वे सोयीची, दोन तासांच्या आत पोचवते. सीटीजी म्हणजे कोलंबियाचं कार्ताहेना. स्पेनमधल्या कार्ताहेनासाठी मुर्सियाचा विमानतळ बघावा. लेबनॉनच्या त्रिपोलीसाठी बैरूतला उतरा. आणि हॉटेल शोधताना नावापुढे देशही टाका, कारण स्वस्त खोली बरेचदा भलत्याच खंडातली निघते.